विश्लेषण : पाय मुरगळला, पुढे काय? दुखणे थांबले म्हणजे घोटा बरा झाला का?

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात पाय मुरगळणे ही रोजची गोष्ट आहे. हळदीच्या वावरातील सरी-वरंबे, पावसाळ्यात निसरडी होणारी काळी माती, कालव्याचे काठ आणि खडी उखडलेले रस्ते यांपैकी कशावरही पाऊल वाकडे पडते. गावोगावी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी भरतीची मुले-मुलीही त्यातून सुटत नाहीत. त्यानंतर बहुतेक घरांत ठरलेलाच क्रम दिसतो. तेल लावून चोळणे, हळद-चुन्याचा लेप, दोन दिवस लंगडणे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा काम. घोट्याच्या दुखापतीवरील आजवरच्या संशोधनानुसार या क्रमात दोन महत्त्वाच्या गोष्टी राहून जातात. पहिली म्हणजे पहिल्याच दिवशी हाड मोडले आहे का याची तपासणी, आणि दुसरी म्हणजे दुखणे थांबल्यानंतर करायचा तोल साधण्याचा व्यायाम.

पाय मुरगळतो म्हणजे नेमके काय होते?

घोट्याची हाडे एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध किंवा लिगामेंट म्हणतात. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला असे तीन प्रमुख अस्थिबंध असतात, तर आतल्या बाजूला एक रुंद आणि बराच मजबूत अस्थिबंध असतो. पाऊल खड्ड्यात किंवा दगडावर पडले की तळवा बहुतेक वेळा आत वळतो आणि शरीराचा सारा भार बाहेरच्या बाजूवर येतो. त्यात सर्वांत पुढचा अस्थिबंध आधी ताणला जातो. झटका मोठा असेल तर त्याच्या शेजारचाही फाटतो.

डॉक्टर या दुखापतीची साधारण तीन श्रेणींत विभागणी करतात. पहिल्या श्रेणीत अस्थिबंध फक्त ताणलेला असतो, सूज थोडी असते आणि चालता येते. दुसऱ्या श्रेणीत तो अर्धवट फाटतो, सूज जास्त येते, त्वचेखाली रक्त साकळून काळेनिळे होते आणि लंगडावे लागते. तिसऱ्या श्रेणीत तो पूर्ण तुटतो आणि घोटा सैल लागतो.

‘नस चढली’ किंवा ‘शीर सरकली’ असे गावात म्हटले जाते. मात्र साध्या मुरगळण्यात जागेवर ‘बसवण्या’सारखे काही सरकलेले नसते. त्यामुळे पाय ओढून, झटका देऊन बसवण्याचा प्रयत्न केला तर आधीच फाटलेल्या अस्थिबंधावर आणखी ताण येतो. हाडाला चीर गेलेली असेल तर ते हलण्याचाही धोका असतो.

हाड मोडले आहे का, हे कसे ओळखायचे?

मुरगळलेल्या प्रत्येक पायाचा एक्स-रे काढण्याची गरज नसते. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टर इयन स्टिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी १९९२ मध्ये काही सोपे निकष मांडले. ‘ओटावा नियम’ या नावाने ते आज जगभरातील रुग्णालयांत वापरले जातात. महत्त्वाचे फ्रॅक्चर या नियमांतून क्वचितच सुटते आणि अनावश्यक एक्स-रेचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी होते. एक्स-रेसाठी दुसऱ्या गावी जावे लागते अशा भागात हे नियम विशेष उपयोगाचे आहेत.

घोट्याच्या भागात दुखत असेल आणि पुढीलपैकी एका जरी प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर एक्स-रे काढावा.

१. बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोट दाबले की हाडच दुखते का? (टोकापासून वर साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत तपासावे.)

२. आतल्या बाजूच्या घोट्याच्या हाडावर याच ठिकाणी दाबले की दुखते का?

३. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यभागी, करंगळीच्या रेषेत जो हाडाचा उंचवटा लागतो, त्यावर दाबले की दुखते का?

४. पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वरच्या हाडावर दाबले की दुखते का?

५. दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकणे अशक्य आहे का? लंगडत टाकलेली पावलेही धरली जातात.

सूज किती आहे यावरून फ्रॅक्चरचा अंदाज बांधणे फसवे ठरते. नुसत्या मुरगळण्यातही घोटा चेंडूसारखा सुजू शकतो आणि बारीक फ्रॅक्चरमध्ये सूज कमी असू शकते. मुरगळताना ‘कट’ असा आवाज आला म्हणजे हाड मोडलेच, असेही नाही.

हे नियम सर्वांना सारखे लागू होत नाहीत. अगदी लहान मुले, दारूच्या नशेत पडलेली व्यक्ती, डोक्याला किंवा अन्यत्र मोठी इजा झालेली व्यक्ती आणि पायाची संवेदना कमी झालेले मधुमेही यांना वेदना नीट सांगता येत नाहीत. त्यांच्या बाबतीत थेट डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घोटा वाकडा दिसत असेल, हाडापर्यंत जखम असेल किंवा बोटे गार, पांढरी वा बधिर पडत असतील, तर घरगुती तपासणीत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

एक्स-रे कुठे आणि किती खर्चात?

सिद्धेश्वर हे औंढा नागनाथ तालुक्यातील गाव आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि प्रथमोपचार मिळू शकतात. एक्स-रेसाठी मात्र साधारणपणे औंढ्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा हिंगोली गाठावे लागते. निघण्यापूर्वी त्या दिवशी यंत्र आणि तंत्रज्ञ उपलब्ध आहेत का, हे आशा सेविकेमार्फत किंवा फोनवरून विचारून घेतले तर एक फेरी वाचते.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ग्रामीण रुग्णालये त्यात येतात. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीतील महाविद्यालयीन रुग्णालयांना हा निर्णय लागू नाही. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने जिल्ह्यातच तज्ज्ञ डॉक्टर वाढण्याची अपेक्षा आहे.

एमआरआयची गरज सुरुवातीला क्वचितच भासते. उपचारानंतरही सहा ते आठ आठवड्यांत अपेक्षित सुधारणा झाली नाही किंवा दुखणे घोट्याच्या वर नडगीच्या दोन हाडांमध्ये असेल, तर डॉक्टर तो सुचवू शकतात. या वरच्या भागातील अस्थिबंधाची दुखापत भरून यायला जास्त काळ घेते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करावे?

अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये आपल्या पुस्तकात विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे या चार गोष्टींचे सूत्र मांडले. पुढची चार दशके तेच सर्वत्र शिकवले गेले. मात्र संपूर्ण विश्रांती आणि सततचा बर्फ यांमुळे भरून येण्याची प्रक्रिया लांबू शकते, असे खुद्द मर्किन यांनीच २०१४ मध्ये लिहिले. आता पाय सांभाळून, पण शक्य तितक्या लवकर हलवण्यावर भर दिला जातो.

दाब : मेडिकलमध्ये मिळणारी क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून घोट्याच्या वरपर्यंत, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळावी. बोटे निळी पडली, गार झाली किंवा मुंग्या आल्या तर पट्टी लगेच सैल करावी. झोपताना ती सोडलेली बरी.

उंची : आडवे पडून पायाखाली गोधडी किंवा उशा ठेवाव्यात, जेणेकरून घोटा छातीपेक्षा उंच राहील. खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवल्याने तेवढा फायदा होत नाही.

बर्फ : वेदना कमी करण्यासाठी पहिल्या दोन दिवसांत कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे, दोन-तीन तासांच्या अंतराने लावता येतो. तो थेट कातडीवर ठेवू नये. बर्फ नसेल तर माठातील पाण्यात भिजवलेल्या फडक्यानेही थोडा आराम मिळतो. बर्फाने वेदना कमी होतात, अस्थिबंध लवकर जुळत नाही.

औषध : वेदनेसाठी पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचे डायक्लोफेनॅक जेल पुरेसे ठरते. जेल हलक्या हाताने लावावे, चोळू नये. मूत्रपिंडाचा आजार, पोटातील अल्सर, रक्त पातळ करणारी औषधे किंवा गर्भारपण असेल, तर वेदनाशामक गोळी अथवा इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. इंजेक्शनने दुखणे दबले म्हणून त्याच दिवशी पुन्हा वावरात उतरणे धोक्याचे असते.

टाळायच्या गोष्टी : पहिले दोन-तीन दिवस गरम शेक, जोरात मालिश, दारू आणि धावणे टाळावे. यामुळे आतील रक्तस्राव आणि सूज वाढू शकते.

हळदीच्या लेपाचे काय?

भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद याच जिल्ह्यातली. त्यामुळे हळदीच्या लेपावर इथल्या माणसाचा विश्वास असणे स्वाभाविक आहे. अख्ख्या कातडीवर कोमट हळदीचा पातळ लेप लावल्याने सहसा नुकसान होत नाही. पण वरून लावलेल्या हळदीने फाटलेला अस्थिबंध लवकर जुळतो, याचा भक्कम पुरावा नाही. चुना मिसळलेल्या कढत लेपाने मात्र कातडी भाजू शकते. मधुमेही व्यक्तीला भाजल्याचे कळतही नाही आणि त्या जखमेतून पुढे मोठा प्रश्न उभा राहतो.

लेप किंवा पायाळू माणसाकडून पाय लावून घेण्याच्या प्रथेपेक्षा मोठा तोटा होतो तो त्यात वाया जाणाऱ्या दिवसांचा. हाड मोडलेले असताना आठवडाभर लेपावर काढला, तर हाड वाकडे जुळण्याची भीती असते.

प्लास्टर चांगले की चालणे?

गावात याबाबत दोन टोके दिसतात. एकीकडे ‘प्लास्टर घातले की निश्चिंत’ असे मानले जाते, तर दुसरीकडे ‘चालत राहिले की मोकळे होते’ असे. संशोधन या दोन्हींच्या मधला मार्ग सांगते.

बहुतेक रुग्णांना घोट्याचा ब्रेस किंवा पट्टीचा आधार घेऊन, सोसेल तितका भार देत चालणे फायद्याचे ठरते. हा आधार साधारण चार ते सहा आठवडे ठेवावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. कित्येक आठवड्यांच्या प्लास्टरने सांधा आखडतो आणि पोटरीचा स्नायू बारीक होतो.

गंभीर मुरगळण्याचा याला थोडा अपवाद आहे. ब्रिटनमध्ये ५८४ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पायावर भारच देता येत नव्हता अशांना दहा दिवसांचे प्लास्टर नुसत्या नळीसारख्या दाबपट्टीपेक्षा लवकर बरे करणारे ठरले. म्हणजे दुखापत मोठी असेल तर थोडे दिवस प्लास्टर आणि नंतर लगेच हालचाल, हे सूत्र योग्य आहे. केवळ मुरगळण्यासाठी महिना-दीड महिन्याचे प्लास्टर सुचवले गेले, तर त्याचे कारण जरूर विचारावे. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते. अस्थिबंध पूर्ण तुटला तरी बहुतेक जण आधार आणि व्यायामाने बरे होतात.

घाई केली तर काय होते?

याचे सर्वांना आठवणारे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथील मैदानावर विश्वचषकातील भारत-बांगलादेश सामन्यात हार्दिक पंड्याने स्वतःच्या गोलंदाजीवर लिटन दासचा फटका पायाने अडवण्याचा प्रयत्न केला आणि त्याचा डावा घोटा दुखावला. तीन चेंडू टाकून तो बाहेर गेला. षटकातील उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. सुरुवातीला तो काही सामन्यांनंतर परतेल अशी आशा होती. ४ नोव्हेंबरला तो स्पर्धेतूनच बाहेर पडल्याचे जाहीर झाले.

पंड्याने मार्च २०२४ मध्ये स्टार स्पोर्ट्सशी बोलताना यामागची गोष्ट सांगितली. त्याच्या म्हणण्यानुसार ती साधारण २५ दिवसांत बरी होणारी दुखापत होती. पाच दिवसांत परतण्याच्या जिद्दीने त्याने घोट्यात तीन ठिकाणी इंजेक्शने घेतली आणि साकळलेले रक्तही काढून घेतले. चालता येत नसताना धावण्याचा प्रयत्न केला आणि दुखापत पुन्हा उलटली. २५ दिवसांचे प्रकरण तीन महिन्यांवर गेले. त्यानंतर २०२४ च्या आयपीएलमध्ये तो मुंबई इंडियन्सकडून खेळला.

देशातील उत्तम डॉक्टर आणि फिजिओ हाताशी असलेल्या खेळाडूची ही स्थिती झाली. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे यातले काहीच नसते. राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे १५ हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिल्यापासून मैदाने पुन्हा भरली आहेत. शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. त्यात पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक करावी लागते. चाचणी महिन्यावर आली असताना पाय मुरगळला की इंजेक्शन घेऊन धावण्याचा मोह होतो. दोन आठवड्यांची विश्रांती टाळण्याच्या नादात पूर्ण भरतीच हुकण्याची शक्यता तिथे असते.

बरे व्हायला किती दिवस लागतात?

पहिल्या श्रेणीच्या दुखापतीला साधारण एक ते तीन आठवडे, दुसऱ्या श्रेणीला तीन ते सहा आठवडे आणि तिसऱ्या श्रेणीला सहा ते बारा आठवडे किंवा अधिक काळ लागतो. हा कालावधी सर्व कामांकडे परतण्याचा आहे. घरातल्या घरात चालणे त्याआधी बरेच दिवस सुरू होते.

वेदना थांबली तरी अस्थिबंध आतून पक्का व्हायला आणखी काही महिने लागू शकतात. शिवाय अस्थिबंधात मज्जातंतूंची सूक्ष्म टोके असतात. पाऊल कसे पडले आहे याची खबर ती मेंदूला देतात. अस्थिबंध फाटला की ही खबर पोहोचायला उशीर होतो, स्नायू वेळेवर आवळले जात नाहीत आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. घोटा मुरगळलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांपर्यंत लोकांना पुढे घोटा वारंवार ‘दगा देण्याचा’ त्रास होऊ शकतो, असे अभ्यास सांगतात. वर्षानुवर्षे असे झाल्यास सांध्याची झीजही होते.

पुन्हा मुरगळू नये म्हणून काय करावे?

नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारानंतर निम्म्या खेळाडूंना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा घरीच तोल साधण्याचे व्यायाम करायला सांगितले. वर्षभरात व्यायाम करणाऱ्या गटातील २२ टक्के, तर न करणाऱ्यांपैकी ३३ टक्के खेळाडूंचा घोटा पुन्हा मुरगळला. या व्यायामांवर कुणाची देखरेख नव्हती. म्हणजे फिजिओथेरपिस्ट शहरात असला, तरी मुख्य काम घरातच होऊ शकते.

पहिला टप्पा (दोन-तीन दिवसांनी) : बसून पाऊल वर-खाली करणे, अंगठ्याने हवेत अक्षरे काढणे. दिवसातून चार-पाच वेळा.

दुसरा टप्पा (भार देता येऊ लागल्यावर) : भिंतीला धरून टाचा उचलणे, भिंतीला टेकून पोटरीला ताण देणे, सायकलच्या जुन्या ट्यूबचा फास पावलात अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढणे.

तिसरा टप्पा : भिंतीजवळ दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभे राहणे. ते जमले की डोळे मिटून, मग घडी केलेल्या गोधडीवर. हा व्यायाम दुखणे थांबल्यानंतरही किमान आठ आठवडे चालू ठेवावा.

चौथा टप्पा : अर्धा तास न दुखता भरभर चालता आले की सपाट जागी हळू धावणे, मग वळणे घेत धावणे आणि शेवटी उड्या.

धावपटू किंवा कबड्डीपटूने पूर्ण सरावाला उतरण्यापूर्वी साधी चाचणी करावी. दुखऱ्या पायावर डोळे उघडे ठेवून ३० सेकंद तोल सांभाळता आला पाहिजे. त्याच पायावर दहा उड्या चांगल्या पायाइतक्याच सहज मारता आल्या पाहिजेत. दुसऱ्या दिवशी सूज दिसता कामा नये. खेळताना काही महिने ब्रेस किंवा टेप वापरल्यास धोका आणखी कमी होतो.

रोजंदारीवरच्या माणसाने काय करायचे?

हा या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. हळद काढणीच्या हंगामात एक दिवस घरी बसणे म्हणजे एका दिवसाची मजुरी जाणे. शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यासाठी मदत मिळते. मुरगळलेल्या घोट्याने बुडालेल्या पंधरा दिवसांची भरपाई तीत नाही.

अशा वेळी पूर्ण विश्रांतीचा सल्ला कागदावरच राहतो. पहिले दोन-तीन दिवस मात्र खरोखर बसून काढणे आवश्यक आहे. त्यानंतर हळकुंडे निवडणे, शेंगा सोलणे अशी बसून करायची कामे काही दिवस घेता आली तर मजुरी पूर्ण बुडत नाही. वावरात उतरताना ब्रेस किंवा घट्ट पट्टी बांधावी आणि सपाट स्लीपरऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट वापरावा. डोक्यावर ओझे घेऊन सरी ओलांडणे दोन-तीन आठवडे टाळावे.

पुन्हा डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पाच-सात दिवसांनंतरही भार देता येत नसेल, सूज उतरण्याऐवजी वाढत असेल, घोटा लाल व गरम होऊन ताप येत असेल किंवा पोटरी दुखून सुजली असेल, तर लगेच दाखवावे. पोटरीतील सूज रक्ताच्या गुठळीची असू शकते. सहा आठवड्यांनंतरही घोटा दगा देत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मधुमेही व्यक्तीचे पाऊल फारसे न दुखता सुजले आणि गरम लागले, तर ते नुसते मुरगळणे समजून थांबू नये. त्यात हाडे आतून ढासळत असण्याची शक्यता असते.